उभ्या ट्रॅक्टरचा विमा



मुलचेरा भागात रोवणी आटोपली की ट्रॅक्टरचं काम थांबतं. चिखलणीची केजव्हील काढून ठेवायची आणि ट्रॅक्टर कोठ्याशेजारी उभा करायचा. धान घरी यायला लागेपर्यंत त्याला फारसं काम नसतं. नेमकी याच दिवसांत विम्याची मुदत संपली तर आपण म्हणतो, "गाडी उभीच आहे, आता पैसे कशाला भरायचे? धान विकलं की पाहू." हे म्हणणं कुठवर बरोबर आहे आणि कुठं अंगाशी येतं, ते आज पाहू.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 146 असं सांगतं, की सार्वजनिक जागी मोटार वाहन वापरायचं तर तिसऱ्या पक्षाचा विमा हवाच. तिसरा पक्ष म्हणजे आपल्या वाहनानं ज्याचं नुकसान होईल तो परका माणूस. सार्वजनिक जागा म्हणजे जिथं लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती जागा. ती फक्त डांबरी सडक नव्हे. गावातला रस्ता आणि बाजाराची जागाही त्यात आली. स्वतःच्या बंद आवारात खरोखर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला या कलमानं सक्ती केलेली नाही. पण चाक रस्त्याला लागलं की सक्ती आली, मग ते दोन फर्लांगांसाठी का असेना.

"रस्त्याकडेला नुसता उभा होता, चालत नव्हता" ही सबबही चालत नाही. सातारा जिल्ह्यात 1987 साली महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याखाली उलटला. पेट्रोल गळत राहिलं आणि काही तासांनी स्फोट होऊन जवळ जमलेली माणसं दगावली. टँकर तर पडून होता, तो वापरात नव्हता, असा युक्तिवाद झाला. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं तो मानला नाही. वाहन जागचं हलत नसलं तरी ते वापरात असू शकतं, असा निकाल दिला.

आता विमा नसताना अपघात झाला तर काय? 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खरा घाव पुढंच आहे. माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई लाखांत जाते. विमा असला तर ती कंपनी भरते, नसला तर मालकाला भरावी लागते. कलम 174 प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे हप्ता वाचवायला जावं आणि जमिनीवर बेतावं, असं होतं.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

1. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही लिहिलेली असते, ती वाचून घ्या. सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढला आणि विमा दुपारी सुरू झाला, तर मधल्या वेळेचं संरक्षण नाही.

2. तिसऱ्या पक्षाच्या विम्यात आपला स्वतःचा ट्रॅक्टर येत नाही. तो जळाला, पुरात बुडाला किंवा चोरीस गेला तर भरपाई हवी असल्यास सर्वंकष विमा घ्या. उभ्या ट्रॅक्टरलाही आग लागते, बरं का. धानाच्या पुंजण्याजवळ तो उभा करू नका.

3. सर्वंकष विमा असेल आणि गाडी सलग 2 महिने किंवा जास्त आवारात उभी राहणार असेल, तर कंपनीला आधी लेखी कळवून सवलत मागा. 2002 च्या मोटार विमा दरपत्रकात अशी सोय आहे. त्या काळात आग, चोरी, पूर यांचं संरक्षण राहतं, बाकीचं थांबतं. म्हणून त्या दिवसांत ट्रॅक्टर रस्त्यावर मुळीच आणू नका.

4. मुदत संपून 90 दिवस उलटले तर, दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातली सूट जाते.

5. वाहन वापरात नसल्याची सूचना परिवहन कार्यालयाला दिली, तर ती कराच्या कामाची. तिनं विम्याची मुदत वाढत नाही.

6. ट्रॉलीचा विमा वेगळा पाहा. ट्रॉलीत वऱ्हाड किंवा बाजारकरू बसवू नका. शेतीकामाच्या पॉलिसीत त्यांचं संरक्षण धरलेलं नसतं.

शेजारी धान पोचवायला ट्रॅक्टर मागायला येईल. भिडेपोटी किल्ली देण्याआधी पेटीतली पॉलिसी काढा आणि तारीख बघा. वापरू देणाराही कायद्यानं तितकाच जबाबदार असतो. मुदत संपली असेल तर शेजाऱ्याला म्हणा, "भाऊ, दोन दिवस थांब. विमा भरतो, मग ने."