दोराजी

मंडळी, कारल्याची भाजी करताना बायका काय करतात? कारल्याला मीठ चोळतात, थोडा वेळ ठेवतात आणि कडू पाणी पिळून टाकतात. तीच युक्ती कोरिया देशातल्या बायका एका मुळावर करतात. मूळ सोलतात, उभे चिरतात, मीठ लावून खसाखसा चोळतात आणि पाण्यात भिजत ठेवतात. मग लसूण नि तिळाचे तेल घालून त्याची भाजी करतात. सणाच्या ताटात ती लागतेच. त्या झाडाचे नाव दोराजी. ते कसे लावतात, हे आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत.

दोराजी हे घंटाफुलांच्या कुळातले झाड. उंची दोन-अडीच फूट. फूल निळे-जांभळे, पाच टोकांचे. कधी पांढरेही असते. पण खरी गंमत कळीची! तव्यावरची भाकरी टम्म फुगावी, तशी ती फुगते. पोरे ती चिमटीत धरून फट्‌दिशी फोडतात.

कोरिया, चीन, जपान ही त्याची मायभूमी. जपानात त्याला किक्यो म्हणतात, आणि शरदातल्या सात मानाच्या फुलांत ते धरतात. पण तिथे डोंगरावरचे गवत दरसाल कापायची, जाळायची जुनी रीत मागे पडली. झुडपे माजली. त्यामुळे रानातले किक्यो आता धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. बागेत पाहिजे तितके, रानात मात्र शोधावे लागते.

आता लागवड. बी बारीक असते. ते ताजे, मागल्या हंगामातलेच घ्यावे. जुने बी नीट उगवत नाही. जमीन भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी, ऊन भरपूर हवे. बी वाळूत मिसळून वरच्यावर फेकायचे. खोल पुरायचे नाही, कारण या बियाला उजेड लागतो. वर थोडा पेंढा पसरला की ओल टिकते. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. मूळ गाजरासारखे सरळ खाली जाते, म्हणून मोठे झालेले रोप उगाच हलवू नये.

हिवाळ्यात वरचे झाड वाळून जाते. जमिनीवर काही म्हणजे काही दिसत नाही. वसंतातही ते उशिरा जागे होते. झाड मेले असे समजून नवखा माणूस तिथेच कुदळ घालतो, आणि जिवंत मूळ तोडून बसतो! म्हणून जागेवर एक काठी रोवून ठेवावी.

फुलांसाठी लावले असेल तर फुले राहू द्यावी. मुळासाठी लावले असेल, तर शेतकरी फुलांचे शेंडे खुडतात. झाडाचा जोर मग मुळात उतरतो. दोन-तीन वर्षांनी पाने वाळली की मुळे खणतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरा. रानातले कुठलेही मूळ दोराजी समजून तोंडात घालू नये. दुसऱ्याच एका विषारी झाडाचे मूळ चुकून खाऊन कोरियात माणसे आजारी पडली आहेत. आपल्या सह्याद्रीवर देवनळ उगवतो ना, तोही याच कुळातला. पण तो विषारी! कुळ एक म्हणून गुण एक नसतो.

आणि मूळ जास्त वर्षे का ठेवीत नाहीत? ठेवले तर ते एकाच मातीत तीन-चार वर्षांनी कुजू लागते. अशाने शेतकऱ्याची सारी मेहनत मातीत जाते. दक्षिण कोरियातल्या जिंजू भागातल्या एका शेतकऱ्याने यावर तोड काढली. मुळे कुजायच्या आधीच तो ती खणून नव्या जमिनीत लावी. काही वर्षांनी पुन्हा खणायचे, पुन्हा नवी जमीन. अशा रीतीने त्याने वीस वर्षांवरची मुळे वाढवून दाखवली.