शाळेच्या आवारातील धोके : ते प्रथम कोणास दिसतात?

(शालेय सुरक्षिततेविषयी मुख्याध्यापकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या आवारातील धोका बहुधा अकस्मात उद्भवत नाही. तो बराच काळ तेथे वास्तव्य करून असतो. चिऱ्याच्या कुंपणभिंतीस पोट सुटलेले असते, व्हरांड्यातील एक फरशी पाय पडताच हलते, लोखंडी फाटकाचे चाक रुळावरून उतरते आणि शिपाई ते रोज सकाळी खांदा लावून पूर्ववत बसवितो. पहिल्या दिवशी ही गोष्ट खटकते, आठवड्याने तिची सवय होते आणि वर्षअखेरीस ती कोणास दिसेनाशी होते. बदलून आलेला एखादा नवा शिक्षक फाटकाविषयी विचारतो, तेव्हा त्यास 'ते तसेच आहे' असे उत्तर मिळते. पुढल्या जूनपर्यंत तोही हेच उत्तर इतरांस देऊ लागतो.

या सवयीपासून विद्यार्थी मात्र पुष्कळसे मुक्त असतात. मुलाची उंची वेगळी, त्याचे मार्गही वेगळे. चेंडूच्या मागे ते शौचालयाच्या पाठीमागे जाते, पाण्याची टाकी व भिंत यांमधील फटीतून पलीकडे निघते, बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधताना जमिनीतील भोकाजवळ हात नेते. या जागी मुख्याध्यापकांचे पाऊल वर्षानुवर्षे पडलेले नसते. यास्तव धोक्याची पहिली वार्ता मुलाकडे असते. त्याखालोखाल ती शिपाई, सफाई कामगार व स्वयंपाकीण यांच्याकडे असते. ती वार्ता वर पोहोचते किंवा नाही, यावर पुढील सर्व अवलंबून राहते. देशातील तीन दुर्घटना या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत.

दि. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथील प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले असल्याचे तपासणीत आढळले. तेलास विचित्र वास येतो असे स्वयंपाकिणीने सांगितले होते आणि भाजीची चव बरी नाही असे मुलांनीही सांगितले होते, हे त्या वेळच्या वृत्तांतून प्रसिद्ध झाले. दि. २० नोव्हेंबर २०१९ रोजी केरळच्या वायनाड जिल्ह्यात सुलतान बत्तेरी येथे दहा वर्षांच्या एका मुलीस भर वर्गात सर्पदंश झाला व ती दगावली. वर्गाच्या जमिनीस भोक होते, तेथे तिचा पाय गेला. साप चावल्याचे ती सांगत होती, तरी तिला रुग्णालयात नेण्यास विलंब झाला, असे तिच्या वर्गमित्रांचे म्हणणे होते. दि. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील शाळेची इमारत सकाळी कोसळून ७ मुले मृत्युमुखी पडली. छतातून खडे पडत आहेत असे मुलांनी अगोदर सांगितले होते व त्यांस गप्प बसविण्यात आले, असे वाचलेल्या मुलांनी सांगितले.

एका ठिकाणी तेल, एका ठिकाणी साप, एका ठिकाणी छप्पर. बाह्यतः या घटनांत साम्य नाही. परंतु तिन्ही ठिकाणी धोक्याची माहिती शाळेच्या आवारातच होती, कोणीतरी ती बोलूनही दाखविली होती, आणि ऐकणाऱ्याने ती कुरबूर समजून सोडून दिली. मुलाच्या तक्रारीत पुष्कळदा अभ्यास टाळण्याचा हेतू असतो, हे प्रत्येक शिक्षकास अनुभवाने ठाऊक आहे. म्हणूनच ही चूक सहज घडते, व चांगल्या शिक्षकाच्या हातूनही घडते. दहा तक्रारींपैकी नऊ निरर्थक निघाल्या तरी प्रत्येक वेळी उठून पाहावे लागते. पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

आता गोव्यातील शाळांविषयी. येथे प्रथम विचार चिऱ्याचा करावा लागतो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो, परंतु तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो; आणि येथील पाऊस वर्षास सुमारे ३,००० मिलिमीटर. साधी कुंपणभिंत निराळी व मातीचा भराव धरून ठेवणारी भिंत निराळी, हा भेद ध्यानात घ्यावा. डोंगरउतारावर सपाटी करून बांधलेल्या शाळांत दुसऱ्या प्रकारची भिंत हटकून असते, आणि मधल्या सुटीत मुले नेमकी तिच्याच सावलीत डबे उघडून बसतात. भरावात साचणाऱ्या पाण्याचा दाब भिंतीवर येऊ नये म्हणून तिच्यात पाणी निघण्याची भोके ठेवलेली असतात. रंगरंगोटीच्या वेळी, भिंत स्वच्छ दिसावी म्हणून, ती गिलाव्याने बुजविली जातात. म्हणून मुसळधार पावसात एकदा छत्री घेऊन भिंतीसमोर उभे राहावे. भोकांतून स्वच्छ पाणी वाहत असेल तर समाधान मानावे. भिंत कोरडी ठणठणीत दिसली तर चिंता करावी, कारण पाणी मागे अडले आहे. पाणी गढूळ येत असेल तर आतील माती वाहून जात आहे असे समजावे.

प्रत्येक तडा भयसूचक नसतो. गिलाव्यावरील केसासारख्या रेघा बहुधा गिलाव्याच्याच असतात. चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपा चढणारा तडा मात्र वेगळा. तसेच पूर्वी सहज लागणारे दार चौकटीस घासू लागणे, किंवा कौलांच्या ओळीस मध्येच झोळ पडणे. तडा वाढतो आहे किंवा नाही हे समजण्यास अभियंत्याची वाट पाहावी लागत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि दर पंधरवड्यास पाहावे. तड्यावर आडवी, दोन्ही बाजूंस घट्ट चिकटविलेली काचेची पातळ पट्टी लावण्याची रीतही जुनी व भरवशाची आहे. भिंत हलली की काच तडकते. ही निगराणी इयत्ता सातवीचे विद्यार्थीही उत्तम करतात. भिंत धोकादायक आहे किंवा नाही याचा निर्णय मात्र अभियंत्यानेच द्यावयाचा असतो.

येथे शासकीय पत्रव्यवहाराविषयी थोडे स्पष्ट बोलणे अवश्य आहे. भिंतीविषयी पत्र जाते, त्याची स्थळप्रत धारिकेत लागते, आणि शाळेत असा समज पसरतो की काम झाले. जावक क्रमांक पडल्याने भिंत सावरत नाही. पत्र गेल्यापासून दुरुस्ती होईपर्यंतचा काळ हाच सर्वांत धोक्याचा, व तो काही आठवड्यांचा किंवा एका सबंध पावसाळ्याचाही असू शकतो. त्या काळाची जबाबदारी संपूर्णतः शाळेचीच राहते, आणि तीस पैसा फारसा लागत नाही. भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरावर दोरी बांधावी, मुलांची बसण्याची जागा हलवावी, गळका वर्ग कुलूप लावून बंद करावा, प्रसंगी दोन वर्ग एकत्र बसवावेत. वर्ग बंद केल्याने शाळेची अप्रतिष्ठा होते असे काहींना वाटते. पालकांना कारण सांगितले म्हणजे तसे काही होत नाही.

पिपलोदीच्या घटनेनंतर जुलै २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सर्व राज्यांस शाळांची सुरक्षा तपासणी करण्याचे निर्देश दिले. त्यांत धोकादायक स्थिती, तसेच थोडक्यात टळलेला अपघात यांचीही माहिती २४ तासांच्या आत नियुक्त अधिकाऱ्यांकडे देण्यास सांगितले आहे. हा टळलेल्या अपघाताचा उल्लेख फार महत्त्वाचा होय. नारळ पडला पण कोणास लागला नाही, फाटक कलले पण शिपायाने सावरले, अशा प्रसंगी सर्वजण देवाचे आभार मानून घरी जातात. वास्तविक तोच दिवस नोंदीचा असतो.

रचलेल्या चिऱ्यांचे ढीग, मोडक्या बाकांची अडगळ आणि गवत ही सापांची आश्रयस्थाने आहेत. उंदीर जेथे, तेथे साप. म्हणून डब्यांतील सांडलेले अन्न उचलणे हाही सापांचाच बंदोबस्त. भिंतींची व जमिनीची भोके सुटीतच सिमेंटने बुजवावीत. इतके करूनही दंश झाला, किंवा झाल्याचा नुसता संशय आला, तरी जखम कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे यांपैकी काही करू नये. मुलास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकास दूरध्वनी करून, किंवा मिळेल त्या वाहनाने, तत्काळ रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप शोधण्यात वेळ घालविण्याचे कारण नाही. प्रतिविष जवळ कोठे उपलब्ध आहे हे मात्र वर्षारंभीच विचारून ठेवावे, कारण सर्वच दवाखान्यांत ते असेल असे गृहीत धरता येत नाही. पालकांस कळविणे आवश्यकच, पण ते वाटेत कळवावे. पालक येईपर्यंत थांबू नये.

आगीच्या बाबतीत तमिळनाडूतील कुंभकोणमचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. दि. १६ जुलै २००४ रोजी तेथील शाळेच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग झावळ्यांच्या छपरास लागली. वरच्या मजल्यावरून उतरण्यास अरुंद जिना होता. ९४ मुले मृत्युमुखी पडली. (गंडामनची तारीखही १६ जुलैच. शाळांनी वार्षिक तपासणीसाठी एखादा दिवस निवडावयाचा झाल्यास हा निवडावा.) या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने दि. १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय देताना, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे स्पष्ट केले आणि अग्निशामक साधने ठेवण्याचे व ती वापरण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांस देण्याचे आदेश दिले. साधने आज पुष्कळ ठिकाणी भिंतीवर दिसतात. त्यांच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे किंवा नाही, हे वाकून पाहिलेले फारच थोडे.

फुटबॉलचे सुटे खांब जमिनीत पक्के बसविलेले नसतील तर ते आडवे करून ठेवावेत. आडव्या दांड्यास मुले लोंबकळतात व तो सांगाडा अंगावर येतो. सरकत्या फाटकास रुळाच्या टोकाशी अडसर असावा. विहिरीस व टाकीस झाकण, झाकणास कुलूप. वीजफलकाजवळील भिंतीस ओल असेल तर तो भाग बंद करून वीज खात्यास कळवावे, शाळेतील हौशी तंत्रज्ञास नव्हे.

या सर्वांसाठी मोठी यंत्रणा लागत नाही. शंभर पानांची एक वही कार्यालयाबाहेर, कोणाचाही हात पोहोचेल अशा ठिकाणी ठेवावी. तीत तारीख, काय दिसले, कोणी पाहिले, त्याच दिवशी तात्पुरते काय केले आणि पत्र कोणास गेले, एवढे लिहावे. पाहणाऱ्याचे नाव लिहिणे महत्त्वाचे, मग ते पहिलीतील मुलाचे असो वा सफाई कामगाराचे. आपले नाव वहीत आले की ते पुन्हा सांगण्यास येतात. महिन्यातून एकदा चार-पाच मुले व शिपाई यांना पुढे चालू देऊन मुख्याध्यापकांनी त्यांच्या मागून सर्व आवार फिरावे. कोठे जावयाचे हे मुलांनी ठरवावे. अशा फेरीत पुष्कळ शाळांतून एकच गोष्ट आढळण्याचा संभव आहे : मागील बाजूस एक जाळीचे दार असते, त्यास कुलूप असते, आणि किल्ली नेमकी कोणाकडे आहे याविषयी तिघांची तीन मते असतात. ती किल्ली त्याच दिवशी शोधावी, कुलपास तेल घालावे, आणि शाळा सुरू असेपर्यंत ते दार उघडे राहील असे शिपायास लेखी कळवावे.