खेळणी धुऊन द्या

(मिशन रविवारी उपासनेनंतर महिला मंडळ आणि तरुण संघाच्या एकत्र सभेत केलेलं भाषण)



मला आज पाड्यावरच्या बालवाडीचा अहवाल द्यायला सांगितलं आहे. मुलांची संख्या, खाऊ, वजनाच्या नोंदी हे सगळं छापील अहवालात आलं आहे, ते आपण घरी निवांत वाचाल. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. दर नाताळात आपण जुन्या खेळण्यांची खोकी पाठवता, त्याबद्दल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत खोकी घेऊन मी जव्हारच्या बाजूच्या आपल्या पाड्यावर गेले. वारली वस्ती आहे, बहुतेकांनी पाहिली आहे. बालवाडीच्या ओट्यावर खोकं फोडलं, मुलांनी गराडा घातला. मोबाइल काढून मी फोटोही घेतले, कारण फोटो पाठवले की आपल्याला बरं वाटतं, हे मला माहीत आहे. मोठ्या मुलीला न्यायला आलेली एक आई बाजूला उभी होती. तिच्या कडेवर सव्वा-दीड वर्षाचा मुलगा. मी खोक्यातून एक खुळखुळा काढून त्याच्या हातात दिला. पोरानं लगेच तोंडाकडे नेला. तिनं तो मधेच धरला, उलटा केला, वास घेतला आणि मला विचारलं, "ताई, हा कोनाच्या पोराच्या तोंडात होता?"

मी म्हटलं, "चांगला आहे, घ्या." तिनं तो परत खोक्यात ठेवला. भांडली नाही, काही बोलली नाही. मुलीचा हात धरून निघून गेली.

खरं सांगते, मला राग आला. एवढ्या लांबून आणायचं आणि यांना किंमत नाही, असं मनात आलं. थिऑलॉजीचा डिप्लोमा असलेल्या बाईच्या मनात आलं, म्हणून सांगते. संध्याकाळी खोकं आवरायला बसले, तेव्हा तो खुळखुळा पुन्हा हातात आला. त्याच्या सांध्यात तपकिरी मळ घट्ट बसला होता. रबराचं एक बदक होतं, तळाला भोक असलेलं. सहज दाबलं तर आतून काळं पाणी आलं. एका गाडीत गळलेल्या सेलची हिरवी-पांढरी भुकटी होती. आणि कापडी अस्वलाला असा कुबट वास, की मी ते ओट्याबाहेर ठेवलं.

तेव्हा मला माझं स्वतःचं घर आठवलं. माझा मुलगा वर्षाचा असताना शेजारच्या बाईंनी त्यांच्या नातवाची खेळणी दिली होती. फार चांगल्या बाई. तरी त्यांची पाठ वळताच मी सगळी खेळणी साबणात घातली, डेटॉल ओतलं आणि दोन दिवस गच्चीवर वाळवली. सासूबाईंचं तेवढ्यानं समाधान झालं नाही, त्यांनी पुन्हा एकदा गरम पाण्यातून काढली. आम्हाला कोणी कृतघ्न म्हटलं नाही. आई आहे, काळजी घेणारच, असंच सगळे म्हणाले. पाड्यावरच्या आईनं नुसता प्रश्न विचारला, तर मला तो माज वाटला.

मलाखी संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वराची याजकांवर तक्रार आहे. लंगडं, आजारी जनावर ते वेदीवर आणत होते. संदेष्टा त्यांना विचारतो, असलं जनावर तुमच्या अधिकाऱ्याला नजराणा म्हणून देऊन बघा बरं, तो खूश होईल का? मी हा उतारा अनेकदा शिकवला आहे. दर वेळी दशमांशावर घसरले. खेळण्यांच्या खोक्यावर तो कधी लावला नाही.

आता एक आक्षेप मी आपल्याच मंडळीत ऐकला आहे, म्हणून त्याला इथेच उत्तर देते. "पाड्यावरचं पोर दिवसभर मातीत खेळतं, त्याला खेळण्यानं काय होणार?" अंगणातली माती आणि दुसऱ्या मुलाची वाळलेली लाळ यांत फरक आहे, पण तो वाद बाजूला ठेवू. जव्हार-मोखाड्याचं नाव महाराष्ट्राला कशामुळे कळलं, ते आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. १९९२ मध्ये वावर-वांगणीची मुलं कुपोषणानं गेली तेव्हा. कुपोषित मूल आणि जुलाब हे दुष्टचक्र आहे. जुलाब झाले की वजन उतरतं, वजन उतरलं की पुढचं दुखणं लवकर पकडतं. आपल्या धडधाकट नातवाला दोन दिवसांचा जुलाब म्हणजे दोन दिवसांची कटकट. वजनाच्या तक्त्यावर आधीच खाली असलेल्या मुलाला तो परवडत नाही. दीड वर्षाचं मूल जग तोंडानंच ओळखतं, आदिवासी असो की शहरातलं.

मग कोणी म्हणेल, त्यांनी धुऊन घ्यावं. तर पाण्याबद्दल सांगते. या भागात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, इतका की शहरातला माणूस घाबरेल. तो सगळा उतारावरून वाहून जातो. मार्च उजाडला की विहिरी तळाला लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढतात. माझ्याबरोबर आलेल्या तरुण संघाच्या मुलींनी एकदा हौसेनं एक हंडा उचलून पाहिला. अर्ध्या वाटेत तो मलाच घ्यावा लागला, आणि मलाही काही जमला नाही. आपलं मळकं खेळणं त्या घरी गेलं, तर ते धुवायला त्या बाईनं हंड्यातलं पाणी खर्च करायचं. आपल्या नळाला पाणी आहे. धुण्याचं काम नळ असलेल्या घरचं आहे.

त्या वर्षापासून आपण खोकी पाठवण्याआधी चर्चच्या आवारात उघडतो, हे आपण पाहताच. कसं करायचं ते पुन्हा सांगते, कारण मागच्या वेळी एका भावानं उत्साहात बादलीत फिनेल ओतलं होतं. तोंडात जाणाऱ्या वस्तूला फिनेल लावायचं नाही. कडक प्लास्टिकला साधा साबण, कोमट पाणी आणि खाचांसाठी जुना टूथब्रश पुरतो. मग साध्या पाण्यानं भरपूर खळबळायचं आणि उन्हात खडखडीत वाळवायचं. ओलं खेळणं खोक्यात भरलं तर सगळ्या खोक्याला बुरशी येते. लाकडी खेळणं भिजत घालू नका, ते फुगतं आणि तडकतं. ओल्या फडक्यानं पुसून वाळवा. पाणी भरणारी, दाबायची बदकं-मासे देऊच नका, आतून ती कोणालाच धुता येत नाहीत.

जुन्या खेळण्याचा रंग पोपडे धरून निघत असेल तर तेही नको. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि शिसं लहान मुलाच्या मेंदूला घातक असतं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. माळ्यावरची खेळणी त्याच्या आधीची असतात. नुसतं जुनं म्हणून टाकू नका, पण नीट बघा.

धुण्यानं जे जात नाही, त्याची मला जास्त भीती वाटते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी आम्ही कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची डबी ठेवली आहे. वस्तू किंवा तिचा सुटलेला तुकडा तिच्यात पूर्ण मावला, की तो घशात अडकू शकतो, म्हणून बाद. आणि बटणासारखे चपटे सेल. ते मुलानं गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून भाजतं. आपल्या त्या पाड्यावरून ग्रामीण रुग्णालयात पोचायलाच कधी-कधी दोन तास लागतात, आणि तेही जीप मिळाली तर. म्हणून गाणारं, चमकणारं काहीही आलं तरी सेल काढायचे, आणि चपट्या सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर ते खेळणं पाठवायचं नाही.

कापडी खेळण्यांवरून समितीत बरीच वादावादी झाली. आश्रमशाळांत, वस्त्यांत खरजेचा त्रास असतो, ती कापडातून पसरेल अशी भीती होती. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. म्हणजे आठवडाभर बंद पिशवीत ठेवून, मग गरम पाण्यात धुऊन दिलं तर खरजेचा प्रश्न उरत नाही. प्रश्न वाळवण्याचा उरतो. आतला कापूस वाळत नाही आणि कुबट वास तिथूनच येतो. म्हणून तान्ह्यांसाठी कापडी खेळणी घ्यायची नाहीत असं ठरलं. मग आपल्या मंडळीतल्या एक आजी परदेशी गेलेल्या मुलाचं अस्वल घेऊन आल्या. तीन वेळा धुतलेलं, शिवण उसवून आतला कापूससुद्धा नवा भरलेला. नाही म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही, माझीही नाही. ते अस्वल आता बालवाडीत मोठ्या मुलांच्या गोष्टीच्या तासाला बसतं. नियम मोडला, हे मान्य आहे.

खेळणी नव्हती म्हणून ती मुलं आपली वाट बघत बसली होती, असंही समजू नका. ताडगोळ्याच्या कवट्यांची चाकं लावून केलेली गाडी तिथला सहा वर्षांचा मुलगा माझ्यासमोर करून दाखवतो, आणि ती पळते. आपण देतो ते त्यात भर म्हणून.

त्या आईबद्दल विचाराल. पुढच्या जानेवारीत ती आली होती. मी खोकं मांडलं आणि या वेळी कोणाच्या हातात काही दिलं नाही. प्रत्येकीनं आपलं आपण निवडायचं, नको असेल तर नाही घ्यायचं, असं सांगितलं. तिनं रंगीत रिंगांची उतरंड उचलली, एक-एक रिंग काढून आतून बघितली, वास घेतला. मला म्हणाली, "धुतलंय." मी म्हटलं, "हो." तिनं ती पदरात घातली. फोटो मी काढला नाही, त्यामुळे या अंकात तो नाही.

यंदाची खोकी नाताळाच्या आदल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी उघडणार आहोत, सकाळी नऊ वाजता, चर्चच्या मागच्या नळापाशी. बादल्या आपल्याकडे आहेत. येताना प्रत्येकानं एक जुना टूथब्रश आणावा, आणि ज्यांच्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर असेल त्यांनी तो जरूर आणावा. मागच्या वर्षी एकच होता आणि त्यासाठी रांग लागली होती.