भट्टीवरचं लेकरू आणि आपली शाळा



मला शिक्षणावर दोन शब्द बोलण्यास सांगितले आहे. मी वीटभट्टीवरच्या लेकरांबद्दल बोलणार आहे.

पुष्कळ वर्षं झाली. मी एका शाळेवर होतो. भट्टीवर कामाला आलेली मध्य प्रदेशातली एक बाई मुलीचा हात धरून दाराशी उभी राहिली. म्हणाली, "साहब, मेरी लडकी को शिक्षा दो." आम्ही गुरुजी लोक हसलो. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी. तिच्या भाषेत शिक्षा म्हणजे शिक्षण! वर तिला विचारलं, दाखला आणलाय का? ती आल्या पावली परत गेली. हसणाऱ्यांत मीही होतो. नंतर मन खाऊ लागलं, भट्टीवर गेलो, तर बिऱ्हाड हललेलं.

आपली माणसं तरी काय वेगळी? दसरा-दिवाळी झाली की आपल्या जालना जिल्ह्यातूनही जोडपी ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, लेकरं कुणापाशी ठेवणार? तिकडच्या शाळेत तीही परकीच. खुद्द बाबासाहेबांचं बालपण पाहा. जन्म १८९१ चा, महूचा. मग दापोली, सातारा, मुंबई. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं, पण बसायला गोणपाट घरून न्यावं लागे. नाव पटावर चढलं म्हणजे लेकरू वर्गात सामावलं असं होत नाही.

आता कायदा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून परत पाठवता येत नाही. हे त्या आईला कोण सांगणार? आपल्यातलं कुणी ऊसतोडीला निघालं, तर गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि तिकडच्या शाळेत दाखवा. आजी घरी असेल तर लेकरू तिच्यापाशीच ठेवलेलं बरं.

आणखी एक. नवं पोर आलं की पहिले पंधरा दिवस फार अवघड. जेवायच्या रांगेत ते मागं राहतं, मुतारी कुठं आहे हेसुद्धा विचारायला लाजतं. तुमच्या पोराला सांगा, त्याच्याशेजारी बस.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर मी भट्टीकडे जाणार आहे. दोघी-तिघी ताई सोबत असल्या, तर तिथल्या आया मोकळं बोलतील. कोण येतंय, ते उठण्यापूर्वी मला सांगा.

जय भीम.