पुणे परिसरातील ग्रामीण पर्यटन : पाहुणा आणि गाव

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी सकाळी पुणे शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांकडे पाहिले, म्हणजे सिंहगड, पानशेत, मुळशी आणि लोणावळा या चारही दिशांना वाहनांची रीघ लागलेली दिसते. या माणसांना कोणत्याही गावाने आमंत्रण धाडलेले नसते. तेव्हा ग्रामीण भागात पर्यटन आणावे की आणू नये, हा वाद पुण्याच्या भोवतालच्या गावांपुरता तरी केव्हाच निकालात निघाला आहे. पर्यटक आलेलाच आहे. तो कोणत्या रीतीने येतो, गावाकडून काय घेतो, मागे काय टाकून जातो आणि त्याचा पैसा अखेर कोणाच्या हाती पडतो, एवढेच ठरावयाचे शिल्लक आहे.

पाहुणचार ही या मुलखाला नवी गोष्ट नाही. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी यवत मुक्कामी येते, तेव्हा सारा गाव पिठले-भाकरीच्या तयारीस लागतो. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, पिठल्याच्या कढया चढतात आणि हजारोंची पंगत उठते. यात कोणी व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेले नसते. पाणी कोठे, मुक्काम कोठे, वाढपी कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. वारकऱ्याकडून मोबदला घेण्याचा विचारही कोणाच्या मनाला शिवत नाही, आणि तो शिवूही नये. मात्र एवढ्या मोठ्या समुदायाची सोय लावण्याचे कसब गावाच्या अंगी आहे, हे त्यावरून सिद्ध होते. शहरातून मौजेसाठी येणारा पाहुणा हा वारकरी नव्हे. त्याच्याकडून रास्त दाम घेण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

सिंहगडावर हा धडा फार पूर्वीच गिरविला गेला आहे. गडाच्या घेऱ्यातील वाड्यांवरची कुटुंबे लहान मडक्यांत दही विरजून, टोपल्या डोक्यावर घेऊन गड चढत आली आहेत. पिठले, भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातले दही हा सिंहगडाचा बेत पुणेकरांच्या अंगवळणी पडून कित्येक वर्षे झाली. त्यासाठी कोणताही आराखडा झाला नव्हता. घरचे दूध, घरचे पीठ आणि गड चढण्याची सवय एवढ्याच भांडवलावर तो धंदा उभा राहिला. दुधाच्या संकलन केंद्रावर ज्या दुधाला ठरीव भाव मिळतो, तेच दूध विरजून गडावर नेले की त्याचे मोल वाढते आणि वाढलेले मोल कष्ट करणाऱ्याच्याच पदरात राहते. ग्रामीण पर्यटनाचे अर्थशास्त्र म्हणून जे काही सांगितले जाते, त्याचे सार या मडक्यात आहे.

याहूनही बोलके उदाहरण हुरड्याचे. शिरूर, दौंड, बारामती या कमी पावसाच्या पट्ट्यात रब्बीची ज्वारी हे जुने पीक. पौषाच्या सुमारास कणसात दाणे दुधाळ अवस्था ओलांडून जरा घट्ट होतात, ते दिवस हुरड्याचे. शेतात आगटी पेटवावी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजावीत, हातावर चोळून गरम दाणे समोरच्याच्या ओंजळीत द्यावेत, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि बोरे. हा सोहळा पूर्वी आप्तेष्टांपुरता असे. आज अहिल्यानगर रस्त्यावरच्या गावांत त्याला व्यवसायाचे रूप आले आहे. गूळभेंडी, सुरती या गोड व मऊ दाण्याच्या जाती मुद्दाम हुरड्यासाठी पेरल्या जातात. हुरडा एकदम संपू नये म्हणून काही शेतकरी आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांत पेरणी करतात. बाजार समितीत धान्य म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्वारीने जी किंमत कधी पाहिली नसती, ती या कोवळ्या कणसांना मिळते. कडबा गुरांसाठी घरीच राहतो, हा वरचा लाभ.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हुरडा भाजणारा, कणसे चोळणारा आणि भाकरी थापणारी, या तिघांपैकी भाकरी थापणारीचे श्रम हिशेबात धरले जात नाहीत. पन्नास पाहुण्यांच्या भाकऱ्या चुलीच्या धगीसमोर बसून करणे हे घरकाम नव्हे. ज्या गावांतील महिला बचत गटांनी स्वयंपाकाचे काम आपल्याकडे घेतले आणि त्याचा दर स्वतः ठरविला, तेथे हा प्रश्न आपोआप सुटतो. शासनाने २०२३ मध्ये 'आई' हे महिला पर्यटन धोरण जाहीर केले असून महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या पंधरा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद त्यात आहे. ग्रामसेवकांनी ही माहिती बचत गटांच्या बैठकीत स्वतः जाऊन सांगितली पाहिजे. सूचना फलकावर कागद चिकटवून हे काम होत नाही.

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली पुण्यापासून सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. गावाचे नावच गावाची संपत्ती सांगते : चिंचेची झाडे आणि मोर. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण आहे. परंतु चिंचोलीचे मोर कायद्याच्या आधी गावाने राखले. मोर पेरलेले दाणे टिपतो, कोवळ्या रोपांची नासाडी करतो. हे नुकसान सोसून शेतकऱ्यांनी त्याला हुसकावले नाही, म्हणून तो घराच्या अंगणापर्यंत येतो. आज त्याला पाहावयास शहरातून कुटुंबे येतात आणि गावात अनेक कृषी पर्यटन केंद्रे चालतात.

या गावापासून घेण्याजोगा धडा थोडा नाजूक आहे. मोर कोणा एका केंद्राचा नसतो. तो एकाच्या चिंचेवर रात्र काढतो, दुसऱ्याच्या वावरात चरतो आणि तिसऱ्याच्या अंगणात पाहुण्यांसमोर पिसारा फुलवितो. पैसा मात्र तिसऱ्याला मिळतो. असे होऊ लागले की पहिल्याला चिंच तोडून सरपण विकावेसे वाटते आणि दुसऱ्याला मोर हाकलावासा वाटतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. यास्तव ज्या गावाचे आकर्षण सामाईक आहे, मग ते पक्षी असोत, तळे असो, देवराई असो की धबधबा असो, तेथे उत्पन्नाचा काही भाग सामाईक कामासाठी निघालाच पाहिजे. वाहनतळाचे शुल्क ग्रामपंचायतीकडे यावे आणि उन्हाळ्यातील पाणवठे, नवी झाडे व शौचालये यांवर त्याचा विनियोग व्हावा. पावती छापील असावी आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखविला जावा. हिशेब वाचला जात नाही तेथे पहिल्या वर्षाचा उत्साह दुसऱ्या वर्षी भांडणात संपतो.

बारामतीजवळ पळशीवाडी येथे २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा जो प्रयोग सुरू झाला, त्याने शेतीच पाहुण्याला दाखविता येते, ही गोष्ट राज्यभर पोहोचविली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ ची. परंतु लेणी, किल्ले, समुद्रकिनारे यांच्या पलीकडे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत धोरण यावयास २०२० साल उजाडले. त्या वर्षी मंजूर झालेल्या कृषी पर्यटन धोरणानुसार किमान एक एकर शेती असणाऱ्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून केंद्र चालविता येते. या धोरणाचा आत्मा शेती हा आहे. शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, परंतु निळ्या फरशीचा तरणतलाव आहे आणि फाटकावर बैलगाडीचे एक चाक टांगलेले आहे, अशा ठिकाणाला कृषी पर्यटन म्हणणे ही शब्दाची फसवणूक होय.

आणि येथेच खरा मुद्दा येतो, तो जमिनीचा. पाहुणा पहिल्यांदा येतो तो हवा चांगली म्हणून. दुसऱ्यांदा येतो तो एखादा तुकडा विकाऊ आहे का, हे विचारण्यासाठी. मुळशीचा इतिहास या दृष्टीने आठवावा. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो या भातखाचरांसाठीच. खाचरे पाण्याखाली गेली. आज त्याच जलाशयाचा काठ लोक पाहावयास येतात आणि काठावरच्या जमिनींना सोन्याचे मोल आले आहे. परंतु ते मोल जमीन विकणाऱ्याला एकदाच मिळते. लग्न, घर, मोटारसायकल यांत रक्कम खर्ची पडते आणि चार वर्षांनी तोच माणूस त्याच वावराच्या फाटकावर राखणदार म्हणून उभा असलेला दिसतो. मुळशी-मावळातील कित्येक गावांत हे दृश्य शोधावे लागत नाही.

पर्यटनाचा आग्रह धरावयाचा तो यासाठी की, जमीन न विकता तिच्यापासून वर्षानुवर्षे उत्पन्न मिळावे. मावळातील इंद्रायणी आणि मुळशीचा आंबेमोहोर यांना नाव आहे. आषाढात भाताची लावणी असते. गुडघाभर चिखलात उतरून रोपे लावण्याचा अनुभव शहरातील मुलांना हवा असतो. त्याच कुटुंबांना दिवाळीनंतर त्या खाचरातला तांदूळ घरपोच देता आला, तर एक पाहुणा वर्षभराचा ग्राहक होतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. दिवे परिसरातील सीताफळ पुण्याच्या बाजारात नावाने विकले जाते. जेजुरीला आणि मोरगावला जाणारा भाविक याच वाटेने जातो. त्याने बागेत थांबून झाडावरचे फळ घ्यावे, यासाठी मोठा खर्च लागत नाही. स्वच्छ बैठक, पिण्याचे पाणी आणि भाव लिहिलेली पाटी पुरे.

आता सुरक्षिततेविषयी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एका कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार होते. डोंगरावर पाऊस वाढला की खालच्या ओढ्याला किती वेळात लोंढा येतो, कोणता खडक शेवाळलेला आहे, कोणत्या पुलावर किती माणसे उभी राहू नयेत, हे शहरातून आलेल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते गुराख्याला ठाऊक असते. म्हणून गावातील तरुणांना प्रशिक्षण देऊन, ओळखपत्र व मानधन देऊन अशा जागी नेमावे, आणि त्यांनी 'थांबा' म्हटल्यावर पोलीस यंत्रणेने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. धोक्याची पाटी लावणे आवश्यक आहे, पण पाटीपुढे उभे राहूनच छायाचित्रे काढली जातात, हेही सर्वांनी पाहिले आहे.

गर्दीला मर्यादा घालणे गावाला परवडत नाही असे वाटते, परंतु काजव्यांचे उदाहरण पाहावे. सह्याद्रीच्या झाडांवर मे अखेरीपासून पाऊस जोर धरीपर्यंतच ते चमकतात. नर प्रकाशाच्या खुणेने मादीला साद घालतो. मोटारींचे दिवे आणि विजेऱ्यांचा झोत पडला की ही साद हरवते, आणि गवतावर बसलेले काजवे बुटांखाली चिरडले जातात. यंदा मीलन झाले नाही तर पुढे काजवे कोठून येणार? ज्या गावाला हे दोन-तीन आठवडे दरवर्षी हवे आहेत, त्याने रात्रीची वाहने वेशीवरच थांबवून, मोजक्या माणसांना अंधारात, वाटाड्यासोबत पायी न्यावे.

शिक्षकांकडून मोठी अपेक्षा आहे, पण ती नव्या कामाची नाही. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अनेक ठिकाणी ती तयार होऊन कपाटात पडून आहे. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी ती आजी-आजोबांकडून तपासून घ्यावी. कोणते झाड कोठे, कोणत्या विहिरीची काय कथा, हे लिहून काढावे. पाहुण्याला दाखविण्याजोगे गावात काय आहे, याचा शोध याच वहीत लागेल. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना पाहावयास राष्ट्रीय विज्ञान दिनी दूरदूरचे विद्यार्थी येतात. जुन्नरला २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला आहे. शिवनेरी आणि लेण्याद्रीला जाणारी शाळेची सहल एक दुपार खोडदच्या शिवारात थांबली, तर तेथील शेतकऱ्याच्या घरी चाळीस ताटे वाढली जातील.

प्रारंभ लहान असावा. पहिल्या वर्षी गावातील चार-पाच कुटुंबांनीच पुढे यावे, कर्ज काढून खोल्या बांधण्याची घाई करू नये, असलेल्या घराची शौचालये व पाण्याची सोय नीट करावी. टँकर लागणाऱ्या गावाने उन्हाळ्यात पाहुणे घेऊच नयेत. हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईसमोरून आंघोळीचे पाणी नेणे कोणालाच शोभणार नाही. २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा भरते, आणि नेमका तोच काळ रब्बी ज्वारीच्या पेरणीचा असतो. हुरड्यासाठी कोणी किती गुंठे गूळभेंडी पेरावी, भाकरीचा दर काय राहील, गाड्या कोठे उभ्या राहतील आणि दिवसाला किती पाहुणे घ्यावयाचे, हे चार विषय त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ग्रामसेवकांनी आतापासूनच नोंदवून ठेवावेत.