पिसताना पडलेले पान



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनसवर नाहीतर महागाईभत्त्यावर बोलणार, अशी तुमची समजूत असणार. मी आज पत्त्यांवर बोलणार आहे. तेही रमीच्या नव्हे, टॅरोच्या. आमच्या युनियनच्या कचेरीत हल्ली हा विषय वरचेवर निघतो, म्हणून मी तो वाचून काढला. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचे सारे वाचनालयात झाले. विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

टॅरोचा कॅट ७८ पानांचा. त्यातली ५६ पाने आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी चार रंगांची: पेले, नाणी, तलवारी आणि दांडकी. उरलेली २२ चित्रांची, हुकमाची. भविष्य सांगणारा पाने पिसतो, त्यातली काही मांडतो आणि अर्थ लावतो. पिसता पिसता एखादे पान निसटून खाली पडते. त्याचे काय करायचे? कोणी म्हणतो, उताणे पडले तरच मोजावे, पालथे पडले तर परत कॅटात घालावे. कोणी म्हणतो, एकटे पडले तर तो निरोप, मूठभर पडली तर हाताचा गचाळपणा. कोणी ते बाजूला ठेवून सर्वांत शेवटी वाचतो. मतभेद असे पुष्कळ. पण काढलेल्या पानापेक्षा पडलेल्या पानाचे वजन अधिक, असे मानणारे फार.

पान पडते का, हे मात्र पाहण्यासारखे आहे. आपले नेहमीचे पत्ते ५२. हे त्यांच्या दीडपट. पानही मोठे, सुमारे ७ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब. बेताच्या हातात एवढी थप्पी मावत नाही. नवा कॅट गुळगुळीत, म्हणून घसरतो. जुन्याच्या कडा फुटलेल्या, म्हणून पाने एकमेकांत अडकतात आणि झटक्यासरशी एखादे बाहेर उडते. नीट पिसलेल्या कॅटातून अमुक एक पान पडण्याचा संभव ७८ मध्ये एक. आणि तेच पान डोळे मिटून हाताने काढले तरीही ७८ मध्ये एकच. पडण्यामुळे पानाला ज्यादा अक्कल येत नाही.

‘पण ही विद्या प्राचीन आहे,’ असे मला सांगतात. ही पाने १५ व्या शतकात उत्तर इटलीत निघाली, आणि निघाली ती खेळण्यासाठी. सुमारे ३०० वर्षे लोक त्यांनी डाव मांडीत होते. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने छापले की, हा मिसर देशाच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. त्या वेळी मिसरची चित्रलिपी जगात कोणालाच वाचता येत नव्हती. ती शांपोलियनने उलगडली १८२२ साली. गंमत अशी की, पेले, नाणी, तलवारी हे रंग युरोपात आले ते खरोखरच मिसरच्या मामलूक राज्यातल्या पत्त्यांवरून. पण तेही खेळायचेच पत्ते!

मग पडलेल्या पानाचा एवढा धाक का वाटतो? माझ्या मते कारण असे: काढलेल्या पानामागे निदान एक हात असतो, पडलेल्यामागे कोणी दिसत नाही. आणि जे कोणी केलेले दिसत नाही, ते कोणा मोठ्याने केले असणार, असे मन म्हणते. आपल्या जुन्या पंचांगांत पाल अंगावर कोठे पडली म्हणजे काय फळ, याचे कोष्टक छापलेले असे. तोही हाच प्रकार.

मला या समजुतीची चीड आहे, आणि ती पुस्तकातून आलेली नाही. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. धोटा उडून जवळच्या माणसाला लागला की खात्यात पहिला शब्द निघे तो ‘नशीब’. कोणी मुद्दाम मारला नव्हता, हे खरेच. पण धोटा अडवणारा गज जागेवर होता काय, साचा शेवटचा कधी तपासला होता, हे विचारले की नशिबाच्या जागी एक यादी तयार होई आणि ती यादी घेऊन साहेबाच्या खोलीत जाता येई. नशीब घेऊन कोणाच्या खोलीत जाणार?

परवा परवाची गोष्ट. कपडे शिवण्याच्या एका कारखान्यातली एक बाई राजीनाम्याचा कागद घेऊन कचेरीत आली. नोकरीला चार वर्षे होऊन पाचवे लागले होते. आता, ग्रॅच्युइटीला सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. म्हणून ‘सोडून जा’ असा तगादा तिच्यामागे होता. ती पत्ते पाहणारीकडे गेली. पिसताना पान पडले: आठ पेले. त्या चित्रात एक माणूस आठ पेले मागे टाकून, काठी टेकीत डोंगराकडे निघाला आहे. अर्थ सांगितला गेला, ‘सोड.’ फोनमध्ये तिने त्या पानाचे चित्र ठेवले होते. मी म्हटले, “ताई, पत्तेवाली राहू द्या. तुम्हांला यात काय दिसते?” तिने बराच वेळ पाहिले. खाली पाच पेले, वर तीन, आणि वरच्या रांगेत मधे एका पेल्याएवढी जागा मोकळी. म्हणाली, “दादा, ह्याचा एक पेला कुणीतरी ठेवून घेतलाय.”

मग ती मोकळेपणाने बोलली: भाडे, मुलाची फी, सुपरवायझरचे ओरडणे. पान हे असे तोंड उघडायला उपयोगी पडत असेल तर माझी तक्रार नाही. माणसे एरवी बोलत नाहीत. पान बोलते असे मात्र म्हणू नका. बाईने राजीनामा दिला, पण पाच वर्षे भरल्यावर, हिशेब पुरा घेऊन. पत्तेवाली आता सांगते म्हणे, ‘बघा, माझे पान खरे ठरले!’ ती नोकरीला चिकटून राहिली असती, तर ‘पानाने सावध केले’ असे ठरले असते. मी एकच सुचवतो. पान पडले की त्याचा अर्थ त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा आणि खाली पाहणाऱ्याची सही घ्या. आमच्याकडे सहीशिवायचा करार आम्ही मानीत नाही.

आता, ते आठ पेल्यांचे चित्र काढले कोणी? हा कॅट १९०९ साली लंडनमध्ये निघाला आणि प्रकाशक रायडर व योजक वेट यांच्या नावांनी जगभर खपला. चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. तोवर बहुतेक कॅटांत आठ पेले म्हणजे नुसते आठ पेले. पाठ फिरवून चाललेला माणूस या बाईंनी घातला. काम मोठे आणि मोबदला अगदी थोडा, असे त्यांनी स्वतःच एका पत्रात कळवले होते. १९५१ साली त्या कॉर्नवॉलमध्ये वारल्या, तेव्हा कर्ज फेडण्यासाठी घरातले सामान विकावे लागले. अलीकडे कोठे कोठे त्यांचे नाव कॅटाच्या नावात जोडू लागले आहेत. यापुढे एखादे पान तुमच्यासमोर पडलेच, तर उचलून त्याचा खालचा कोपरा पाहा. नागमोडी वळणाची बारीक सही आहे, ती त्यांची.