घाटण्याचे सरपंच



सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातले घाटणे हे लहानसे गाव. २०२१ च्या सुरुवातीला ऋतुराज देशमुख तिथे सरपंच झाले, तेव्हा त्यांचे वय होते २१. आज या मंडपात पदवी घेणाऱ्या अनेकांचे आहे तेवढेच. खुर्चीवर बसून काही आठवडे होतात न होतात तोच कोरोनाची दुसरी लाट आली. नव्या सरपंचांनी आशा सेविकांना सोबत घेतले. घरोघर तपासणी, लक्षण दिसताच चाचणी, बाधिताला वेळेत वेगळे ठेवणे आणि उपचार, एवढेच त्यांनी नेटाने केले आणि गाव कोरोनामुक्त झाले. मेअखेरीस तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला उद्देशून केलेल्या भाषणात हिवरेबाजारच्या पोपटराव पवारांबरोबर देशमुख यांचे आणि दक्षिण सोलापुरातल्या अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे यांचे नाव घेतले. जूनमध्ये सरकारने कोरोनामुक्त गाव स्पर्धाच जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिले बक्षीस ५० लाखांचे.

आधी गावाने केले, मग राज्याने उचलले. धोरण फक्त मंत्रालयात जन्माला येते असे मानणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांनी हा क्रम नीट पाहावा.

या जिल्ह्यात तरुण वय कधी आड आलेले नाही. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. पुढच्याच महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. स्वातंत्र्याच्या त्या लढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवडा तुरुंगात फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे विशीतले होते. मल्लप्पा धनशेट्टी आणि श्रीकिसन सारडा त्यांच्याहून थोरले. कुर्बान हुसेन तर त्या वयात ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवीत. पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस याच चौघांच्या स्मरणार्थ आहे. तिच्यातून जिल्ह्याची शिकलेली मुले नोकरीसाठी निघून जातात. त्यांचा दोष नाही, गिरण्या बंद पडलेल्या शहरात काम कमी आहे. पण इथे कोणता उद्योग यावा, कोणाला किती पाणी मिळावे, हे ठरवणाऱ्या बैठकीतही ती नसतात. जिल्ह्याचे मोठे नुकसान होते ते इथे.

कायद्याने दार उघडे ठेवले आहे. मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले. ग्रामपंचायत आणि महापालिकेची निवडणूक २१ व्या वर्षी लढवता येते. विधानसभा, लोकसभेला मात्र २५ वर्षे पुरी व्हावी लागतात. सत्तेची पहिली पायरी संविधानानेच चार वर्षे अलीकडे आणली आहे. ज्याला निवडणूक लढवायची नाही त्याच्यासाठी ग्रामसभा आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! मूठभर माणसांत गावाचा आराखडा मंजूर होऊ शकतो तो असा. त्याच सभेत वीस पदवीधर बसले आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवा म्हणाले, तर सभेचा नूरच पालटेल.

शहराचे दुखणे वेगळे. सोलापूर महापालिकेची निवडणूक २०१७ मध्ये झाली, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासकाचा कारभार. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पंचविशीतल्या मुलामुलींनाही तोवर एकदाही नगरसेवक निवडता आला नव्हता. महाविद्यालयात निवडणुकीची तालीम व्हावी, तर विद्यार्थी निवडणुका १९९४ मध्ये बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, पण प्रत्यक्षात पुढे ढकलल्या जात राहिल्या.

तरुणांना बोलावले जाते ते प्रभातफेरीला, रांगोळी स्पर्धेला, स्वच्छता मोहिमेला. अंदाजपत्रकाच्या चर्चेला नाही. झाडू हातात घेण्यात कमीपणा मुळीच नाही; पण कचऱ्याचा ठेका कुणाला आणि कोणत्या अटींवर दिला, हे विचारण्याचा हक्कही त्याच हातांचा आहे.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अंदाजपत्रक नागरिकांसमोर चर्चेला ठेवले. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामे सुचवून घेते. सोलापूरच्या नव्या नगरसेवकांकडे अशीच मागणी पदवीधरांनी लेखी करावी, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये. भूगोलाची विद्यार्थिनी प्रभागातल्या नळाच्या वेळा नकाशावर मांडू शकते. वाणिज्याचा विद्यार्थी तरतूद आणि खर्च यांतली तफावत काढू शकतो, विधीचा माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देऊ शकतो. गावाकडे परतणाऱ्यांसाठी २ ऑक्टोबरची ग्रामसभा आहे. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची चर्चा त्या सुमारास सुरू होते. त्याआधी मतदार यादीत आपले नाव कोणत्या गावात आहे, ते आजच तपासून घ्यावे.